शेठ, जरा बोलायचं होतं!

गावातली नोकरी ओळखीने लागते, म्हणून पगार वाढवून मागताना जीभ अडखळते. पण गप्प राहिल्याने नातं खरंच टिकतं का? संबंध न बिघडवता घसघशीत वाढ कशी मागायची, याचा हा हिशोब.

राजापुरात पहिली नोकरी बहुतेकांना अर्ज करून लागत नाही, ओळखीने लागते. बाबांचे मित्र असतात, मामाचे शेजारी असतात, नाहीतर आपल्याच वाडीतलं कुणीतरी असतं. ‘पोरगं हुशार आहे, बघा काही जमलं तर’ एवढ्या एका वाक्यावर आपण जवाहर चौकातल्या दुकानात, सीएच्या ऑफिसात, दवाखान्याच्या रिसेप्शनवर किंवा महा ई-सेवा केंद्रात चिकटतो. ऑफर लेटर नाही, एचआर नाही. पगार किती हे कधीकधी पहिलं पाकीट हातात आल्यावरच कळतं.

मग दोन वर्षं जातात, तीन जातात. काम दुप्पट होतं. पाकीट मात्र तेवढंच राहतं, नाहीतर दिवाळीत पाचशेने वाढतं. मागावंसं रोज वाटतं. पण समोर बसलेला माणूस नुसता बॉस नसतो. तो ‘काका’ असतो. गणपतीला आपल्या घरी आरतीला येतो, शिमग्याला पालखीत भेटतो, ताईच्या लग्नात आहेर देतो. पुण्यात बॉसशी फाटलं तर दुसरी कंपनी गाठता येते, पुन्हा त्याचं तोंड बघायची वेळ येत नाही. इथे संध्याकाळी दुधाच्या पिशव्या आणायला गेलं तरी तेच तोंड समोर! २०११च्या जनगणनेत राजापूर शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या आतच होती. एवढ्याशा गावात संबंध बिघडवून राहणं परवडत नाही, हे खरंच आहे.

म्हणूनच ‘सॅलरी निगोशिएशनच्या दहा टिप्स’वाले व्हिडिओ बघून इथे फारसा उपयोग होत नाही. तिथला सल्ला असतो, दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवा. इथली दुसरी कंपनी म्हणजे आपल्याच शेठच्या चुलतभावाचं दुकान!

मागण्यापेक्षा गाडी सोपी

कोकणातल्या माणसाने पगारवाढ तोंडाने मागण्यापेक्षा पायाने जास्त मागितली आहे. इथे परवडेना झालं की त्याने वाद घातला नाही, बॅग भरली. आधी बोट होती, मग एसटी आली, आता राजापूर रोडवरून तुतारी आहे. आकडे बघा. २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. त्या दहा वर्षांत राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे पुरुष कुठे गेले, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल.

सगळेच पगारासाठी गेले असं नाही. पण ‘इथे मागून काय मिळणार’ हे आधीच ठरवून गेलेले त्यात पुष्कळ. गंमत म्हणजे असं न बोलता जाण्याने संबंध टिकतात असंही नाही. ऐन हंगामात मुलगा ‘गावाला जाऊन येतो’च्या थाटात ‘मुंबईला जाऊन येतो’ सांगून निघतो आणि परत येत नाही. मग काका बाबांना भेटले की म्हणतात, ‘शिकवला, तयार केला आणि गेला. सांगायचं तरी होतं!’ म्हणजे भीड धरून पैसेही मिळाले नाहीत आणि नातंही गेलं. आपल्या भाषेत म्हण आहेच, भीड भिकेची बहीण.

ब्याऐंशीची सावली

घरी ‘पगार वाढवून मागू का?’ असं विचारून बघा. आजोबांच्या पिढीचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, ‘आहे ते सांभाळ.’ या उत्तराला भित्रेपणा म्हणण्याआधी ते कुठून आलं हे समजून घेऊ.

१८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात कोकणातली माणसं मोठ्या संख्येने होती. मागण्यांमध्ये भरीव पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं आणि मान्यताप्राप्त युनियनऐवजी आपल्या पसंतीच्या युनियनने बोलणी करावीत हाही आग्रह होता. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. परळ-लालबागची खोली सांभाळणं अवघड झालेली कितीतरी कुटुंबं गावाकडे परतली. ज्या घरांत दर महिन्याला मनीऑर्डर यायची, तिथे ती यायची थांबली.

त्या घरांसाठी ‘पगार वाढवून मागणं’ म्हणजे ‘सगळंच जाणं’. नातवंडांपर्यंत पोहोचलेली भीती ही आहे आणि तिला कारण आहे.

पण त्या अनुभवातून फक्त ‘मागू नका’ एवढंच शिकायचं का? गिरण्यांमध्ये मागणी गैर नव्हती. महागाईत होरपळणाऱ्या माणसाने पगार मागणं कधीच गैर नसतं. पण बोलणी करायची कुणी यावरच गाडी अडली आणि शेवटी बोलायला जागाच उरली नाही. त्यात कापड गिरण्यांचा धंदाही तेव्हा अडचणीत होता. आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. बोलण्याचं दार उघडं असताना बोलायचं. आणि ज्याच्याकडे मागायचं त्याच्या धंद्याची तब्येत माहीत करून मगच मागायचं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर एसटीचं घ्या. २०२१च्या संपात नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५ हजार, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४ हजार आणि त्याहून जुन्यांना अडीच हजार. तिथे हजारो लोक एकत्र होते. जवाहर चौकातल्या दुकानात मात्र तुम्ही एकटे किंवा तिघे असता. तिथे संख्या नाही चालत, हिशोब चालतो.

आधी आकडा काढा

मास कॉमच्या वर्गात बातमी लिहायला शिकवताना सांगतात, विशेषण काढा आणि आकडा घाला. पगाराच्या बोलण्यातही अगदी तेच. ‘खूप काम आहे हो’ हे विशेषण झालं. ‘गेल्या वर्षी मी फक्त बिलिंग बघायचो, आता स्टॉक, कोल्हापूरच्या ऑर्डरी आणि उधारीची वसुली पण बघतो’ ही बातमी झाली.

समजा, २०२१-२२मध्ये तुम्ही १२ हजारांवर लागलात आणि पगार तेवढाच राहिला. देशातली किरकोळ महागाई २०२२-२३मध्ये सरासरी ६.७ टक्के, २०२३-२४मध्ये ५.४ टक्के आणि २०२४-२५मध्ये ४.६ टक्के होती. एकावर एक लावून बघा. तेव्हाच्या १२ हजारांत जे यायचं त्याला आता सुमारे १४ हजार १०० लागतात. म्हणजे १२चे १४ केले तर ती वाढ नव्हेच, ती झीज भरून काढणं झालं. तुमचं काम वाढलं त्याचे पैसे याच्या पुढे सुरू होतात. म्हणून तुम्ही १७ हजार मागितले तर ऐकायला ‘एकदम पाच हजार?’ असं वाटतं, पण त्यातले दोन हजारांहून जास्त महागाईचे आहेत. वाढीव कामाचे उरतात जेमतेम तीन हजार. हे असं फोडून सांगितलं की मागणी हावरटपणाची वाटत नाही.

आता हाच आकडा खुर्चीच्या पलीकडून बघा. महिना पाच हजार म्हणजे वर्षाला ६० हजार. दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे दहा रुपये सुटत असतील, तर हे ६० हजार काढायला शेठना वर्षाला सहा लाखांची जादा विक्री करावी लागेल. तुम्ही मागता त्या क्षणी त्यांच्या डोक्यात हेच चालू असतं. त्याचं उत्तर खिशात ठेवूनच जा. अडकलेली किती उधारी तुम्ही सोडवलीत? न खपणारा माल कंपनीला परत पाठवून किती पैसे मोकळे केलेत? तुम्ही सुट्टीवर असता त्या दिवशी शेठना स्वतः काउंटरला बसावं लागतं का? तुम्ही गेलात तर नवीन पोराला हे सगळं शिकवायला किती महिने जातील?

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. तुमचा पगार किमान वेतनापेक्षाच कमी असेल तर तिथे ‘वाढ’ हा शब्दच चुकीचा आहे, तो हक्क आहे. महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी परिमंडळानुसार किमान वेतन ठरतं. राजापूर महानगरपालिका किंवा मोठ्या नगरपालिकांच्या परिमंडळात येत नाही, त्यामुळे इथला दर मुंबई-पुण्याच्या दरापेक्षा कमी असतो. त्यावरचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. चालू दर कामगार विभागाच्या वेबसाइटवर मिळतो. मागायला जाण्याआधी तो बघा. तुमचा आकडा त्याच्या खाली असेल तर बोलणं नम्रच ठेवा, पण त्यात ‘उपकार करा’चा सूर नको.

वेळ चुकली की सगळंच चुकलं

गावात प्रत्येक धंद्याचं आपलं पंचांग असतं. सीएच्या ऑफिसात जुलै आणि सप्टेंबरमध्ये रिटर्न आणि ऑडिटची धावपळ असते, तिथे तेव्हा पगाराचं नाव काढू नका. जिथे जीएसटीचं काम दर महिन्याला चालतं तिथे ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस सोडा. ई-सेवा केंद्रात जूनमध्ये दाखल्यांसाठी रांग लागलेली असते. आणि पावसात अर्जुना-कोदवलीचं पाणी बाजारपेठेत शिरण्याच्या बेतात असताना शेठचं लक्ष गोदामातल्या गोण्यांवर असतं, तुमच्यावर नसतं.

आंब्याच्या धंद्यात हा प्रश्न जास्त नाजूक. एप्रिलमध्ये पेट्या भरायला माणूस मिळत नाही, तेव्हा मागितलं तर मिळेलही. पण ते गळ्याला सुरी लावून घेतल्यासारखं होतं आणि मालक ते विसरत नाही. त्यापेक्षा हंगामाच्या आधी, फेब्रुवारीत, एवढंच सांगून ठेवा, ‘यंदा मी पॅकिंगसोबत मुंबईच्या गाड्यांचा हिशोबही बघतो. हंगाम संपला की पगाराबद्दल एकदा बसूया.’ जूनमध्ये हिशोब झाला की बसा. तोवर तुमचं काम त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

तोंड उघडताना

पहिलं, घरी सांगून ठेवा. गावातली पद्धत अशी की तुम्ही दुपारी मागितलंत तर संध्याकाळी बाबांना टपरीवर कळतं, ‘तुमचा मुलगा आज पगाराचं बोलत होता.’ बाबांना ते तिथे पहिल्यांदा कळलं तर ते ओशाळतात आणि तुमच्या वतीने माघारही घेऊन टाकतात! त्यांना आधीच सांगा. शक्यतो त्यांना मध्यस्थ मात्र करू नका. ओळख नोकरी लावण्यापुरती ठीक होती, पगार तुमच्या कामाचा आहे.

दुसरं, गिऱ्हाइकासमोर नको, बाकीच्या पोरांसमोर नको आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना तर अजिबात नको. वेळ मागून घ्या, ‘शेठ, उद्या दुकान बंद करताना दहा मिनिटं जरा बोलायचं होतं.’ माणसाला तयारीला एक रात्र मिळाली की तो एकदम ‘नाही’ म्हणत नाही.

तिसरं, सुरुवात आभाराने करा, पण आभारातच अडकू नका. उदाहरणार्थ, ‘काका, मला काहीच येत नव्हतं तेव्हा तुम्ही ठेवून घेतलंत, ते मी विसरणार नाही. आता मी एवढी एवढी कामं एकट्याने बघतो. त्या हिशोबाने पगार १७ हजार व्हावा असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?’ आणि इथे थांबा. खरंच थांबा! आपण बहुतेकजण पुढच्या दोन सेकंदांच्या शांततेला घाबरून स्वतःच म्हणतो, ‘म्हणजे १४ दिलेत तरी चालेल...’ ती शांतता काकांची आहे, त्यांना विचार करू द्या.

चौथं, घरचा खर्च सांगू नका. बाइकचा हप्ता, भावाची फी, आईचं औषध हे सगळं खरं असतं. पण गरज सांगितली की मालक मदत करतो, म्हणजे दोन हजार उचल देतो. ती पुढच्या पगारातून कापून जाते आणि पगार तिथेच राहतो. वर पुढच्या वेळी मागताना ‘त्या वेळी दिले होते की’ हे ऐकावं लागतं. कामाचं मोल मागा.

पाचवं, खोटी ऑफर सांगू नका. ‘रत्नागिरीत मला वीस हजार देतायत’ ही थाप संध्याकाळपर्यंत एका फोनवर उघडी पडते. ऑफर खरी असेल तरी ती धमकीसारखी ठेवू नका. ‘मला विचारणा झाली आहे, पण मला इथेच राहायचं आहे, म्हणून आधी तुमच्याशी बोलतोय’ असं सांगितलं तर त्यात मान राहतो आणि तुमची किंमतही कळते.

मुलींनो, तुमचं थोडं वेगळं

अमेरिकेतल्या लिंडा बॅबकॉक या अर्थतज्ज्ञ. ‘विमेन डोन्ट आस्क’ हे त्यांचं सहलेखिकेसोबत लिहिलेलं पुस्तक २००३चं. त्यात एका विद्यापीठातून नुकत्याच पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा अभ्यास आहे. पहिल्या पगारावर घासाघीस करणारे मुलगे ५७ टक्के होते आणि मुली फक्त ७ टक्के. नंतरच्या संशोधनात बॅबकॉक यांनाच आणखी एक गोष्ट दिसली. मागणाऱ्या बाईबद्दल मत जास्त चटकन वाईट होतं. म्हणजे मुली उगाच कचरत नाहीत, त्यांना किंमत माहीत असते.

आपल्याकडे यात आणखी दोन वाक्यांची भर पडते. ‘घराजवळ आहे ना, मग बास की’ आणि ‘लग्नापर्यंतच तर करायचंय’. या दोन वाक्यांवर कितीतरी मुलींचा पगार वर्षानुवर्षं तिथेच थांबतो. यावर वाद घालत बसू नका, विषय कामावर आणा. दवाखान्यात केसपेपर, औषधांचा साठा आणि फोन असं तिन्ही एकटी सांभाळत असाल तर कागदावर तीन ओळी लिहा आणि पुढे ठेवा. कागद मुलाचा की मुलीचा हे बघितलं जात नाही, निदान लगेच तरी नाही.

‘नाही’ आलं तर

‘नाही’ हे उत्तर मिळणार, असं धरूनच जा. त्यावर तोंड पाडू नका. एक प्रश्न विचारा, ‘काय केलं तर होईल आणि कधीपर्यंत?’ उत्तर ‘दिवाळीनंतर बघू’ असेल तर त्याला आकडा जोडून घ्या. आता १५ आणि दिवाळीनंतर १७ चालेल का? पैसे खरंच नसतील तर दुसरं काही मागता येतं. परीक्षेच्या काळात सुट्टी, टॅलीच्या कोर्सची फी, वसुलीवर ठरावीक टक्का किंवा अनुभवाचं पत्र. मग घरी जाऊन व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, ‘काका, आज वेळ दिलात, बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर पुन्हा बोलू.’ त्याने तारीख लिखित राहते आणि कुणाला बोचतही नाही.

आणि दिवाळी येऊन गेली, तरी काहीच हललं नाही तर? मग जा. पण सांगून जा. महिनाभर आधी कल्पना द्या, नव्या माणसाला शिकवा, किल्ल्या आणि हिशोबाची वही हातात देऊन निघा. असं गेलेल्या माणसाला शिमग्याला पालखीत मान खाली घालावी लागत नाही.

चौकट : ‘वाढ’ हातात किती?

● जिथे पीएफ कापतात तिथे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून जातात. मालकाचा वाटा वेगळा. ‘आमच्या वाट्यासकट एवढा पगार’ असं सांगितलं असेल तर हातात किती येणार ते विचारा.

● १० हजारांच्या वर पगार गेला की पुरुषांना व्यवसाय कर वर्षाला २५०० रुपये. महिलांना २५ हजारांपर्यंत माफ.

● ईएसआय लागू असेल तर मर्यादा २१ हजारांची. पगार २०चा २२ झाला की चालू सहामाही संपल्यावर ते कवच जातं. दोन हजारांच्या वाढीत घरच्यांच्या दवाखान्याचा खर्च बसतो का, ते आधी बघा.

हे पान दुकानाच्या गल्ल्यावरही वाचलं जातं, म्हणून शेवटची ओळ शेठसाठी. लक्ष्मीपूजनाला तुम्ही नवी वही पुजता. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ कामावरच्या पोरांसाठी ठेवा. एकेकाला बोलवा आणि तुम्हीच विचारा, ‘पगाराचं काय म्हणतोस?’ रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही हे खरं. पण काका, तुम्ही आधी विचारलंत तर एखादा तरी राजापूर रोडला गाडी पकडायच्या आधी दोनदा विचार करेल.